चार हजार एकशे अठरा

ग्रंथालयात तिला सगळे खोडताई म्हणायचे. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी, एकाच माणसाच्या तीन नोंदी हुडकून काढायच्या, एक ठेवायची आणि बाकीच्या खोडायच्या, हे काम तिने एकतीस वर्षं केलं. आधी लाकडी खणांतल्या कार्डांवर, मग संगणकावर. घरात दोन सारखे चमचे दिसले तरी हिचा हात शिवशिवतो, असं नवरा चिडवायचा.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा ग्रंथालयाने नवा डेटाबेस आणला. जुन्यात सगळी माहिती तक्त्यांत असायची. नाव, तारीख, आईवडील जुळले की दोन ओळी एकच धरायच्या. नव्यात प्रत्येक गोष्ट म्हणजे एक स्वतंत्र ऑब्जेक्ट. पुस्तक असो, फोटो असो, माणूस असो, ज्याला त्याला आपला कायमचा क्रमांक, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे दुवे. माणसावर क्लिक केलं की त्याची शाळा, त्याचे फोटो, पेपरात छापून आलेलं त्याचं नाव, सगळं कोळ्याच्या जाळ्यासारखं पडद्यावर पसरायचं.

जुन्या प्रसूतिगृहाच्या नोंदवह्या स्कॅन होऊन त्यात चढल्या, त्या आठवड्यात एका दुपारी तिने सहज आपली जन्मतारीख टाकली. दोन मुली आल्या. ४११७ आणि ४११८. आई तीच, वडील तेच, तारीख तीच. वेळेत सात मिनिटांचा फरक.

"झाली का डबल एन्ट्री," ती पुटपुटली आणि सवयीने एक खोडायला गेली. सिस्टिम खोडू देईना.

नवा डेटाबेस बसवणारा इंजिनिअर कायम चष्मा कपाळावर चढवून फिरायचा. तो शेजारी येऊन बसला.

"ताई, या दोन वेगळ्या आहेत."

"अरे, सगळं तर तेच आहे!"

"असू दे की. एका कारखान्यातले दोन ग्लास हुबेहूब सारखे असले म्हणून ग्लास एकच होतो का? वहीचं पान बघा. दोन ओळी आहेत."

खरंच होत्या. पहिल्या ओळीत तिचं नाव. दुसरीत नावाची जागा कोरी.

"आणि या दुसरीला एकही दुवा नाही बघा," तो उठता उठता म्हणाला. "जन्मली आणि संपली."

संध्याकाळी घरी आई मटार सोलत बसली होती. एक्याऐंशीची, पण कान तिखट. प्रश्न ऐकून तिचे हात थांबले.

"दोघी झालात," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी नाव एकच ठरवलं होतं, ते थोरलीला दिलं. तुझं सावकाश बघू म्हणाले. नवव्या दिवशी थोरली गेली."

"आणि माझं नाव?"

"तेच तोंडात बसलेलं गं. तुलाच त्या नावाने हाक मारायला लागलो. ती गेल्याची नोंद करायला कुणाचे पाय वळलेच नाहीत." आईने एक शेंग उचलली, तशीच ठेवली. "म्हणून मी हाक दोनदा मारते. एक तुला."

दुसरी कुणाला, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पडद्यासमोर बसली. ४११७ शाळेत गेली होती. तिला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं, तिचं लग्न झालं होतं, ती याच ग्रंथालयात नोकरीला लागली होती. ४११८ कुठेच नव्हती. म्हणजे मेलेली जगली, आणि जगलेली... पुढचं तिने मनातसुद्धा पुरं केलं नाही.

इंजिनिअरला विचारून तिने दुवे हलवायला घेतले. एक एक दुवा सतराकडून उचलून अठराला. इकडचं जाळं विरळ व्हायला लागलं, तिकडचं भरायला लागलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं आलं, एक सोडून. पहिलीच्या वर्गाचा फोटो. ती हलवायची, साठवायची, पुन्हा उघडायची. फोटो परत सतरापाशी. असं पाचदा झालं.

इंजिनिअरने सगळं तपासलं. "परत कुणी फिरवलेला दिसत नाही. सर्व्हरची काहीतरी भानगड असेल," तो म्हणाला. पण बोलताना त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फोटोकडे नको इतका वेळ बघत राहिला.

तिने फोटो मोठा केला. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. घट्ट दोन वेण्या, नजर थेट कॅमेऱ्यात. चेहरा तिचाच. हा फोटो मात्र तिने आयुष्यात कधी पाहिला नव्हता. शाळेच्या जुन्या कपाटातून तो आता आला होता. तिने त्याची प्रत छापली आणि घरी नेली.

आईने फोटो लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला.

"ही तू नाहीस."

"आई, मीच आहे. खाली नाव छापलंय."

"फोटोच्या दिवशी तुला गोवर आला होता. तापाने फणफणलेली माझ्या मांडीवर होतीस. म्हणून तर आपण तो फोटो विकत घेतला नाही."

स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. आई त्या मुलीच्या वेण्यांवरून बोट फिरवत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

"हिचे केस," आई हळूच म्हणाली, "कुणी विंचरले गं?"

तिने पुन्हा त्या दुव्याला हात लावला नाही. सतरापाशी एक जन्म आणि एक फोटो राहिला, बाकी सगळं अठरापाशी. अठराची नावाची जागा भरायला ती दोनतीनदा बसली, आणि दरवेळी तशीच उठली.

निवृत्तीच्या आठवड्यात तिने आपल्या जागी आलेल्या बाईंना सगळं काम समजावून दिलं. शेवटी म्हणाली, "या एका फोटोचा दुवा हलवू नका."

"का? हलवला तर काय होईल?"

"हलवून बघा हवं तर," ती पर्स खांद्याला लावत म्हणाली. "पण मी घरी पोचल्यावर."