गरम गोळ्यांवर उतारा

“काका, हायपरकलेमिया आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तात पोटॅशियम वाढलंय. हा क्षार सगळ्यांच्याच रक्तात असतो, पण माझी मूत्रपिंडं साखरेनं अधू झालेली, ती जास्तीचा क्षार बाहेर टाकत नाहीत. तो साठला की हृदय अचानक थांबू शकतं. मी मनात म्हटलं, यांनी नवं दुकान मांडलं.

सुरुवात पाय जड होण्यापासून झाली. मे महिना, उस्मानपुऱ्यातलं आमचं वरच्या मजल्यावरचं पत्र्याचं घर म्हणजे तवा. ऊन बाधलं असंच वाटलं. चिकलठाण्याच्या कारखान्यात भट्टीपुढं नोकरी केलेल्या माणसाला ऊन बाधावं, याचाच राग आला. मग एका सकाळी जिना चढताना गुडघे मुडपले. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात आणलं.

ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, बिघडलेला. इंजेक्शनं झाली, औषधाची वाफ झाली, पाण्यात कालवून प्यायची बेचव पूड झाली. पोटॅशियम उतरलं आणि पुढच्याच तपासणीत पुन्हा चढलं.

माझा संशय डॉक्टरांवर. हातात आलेलं गिऱ्हाईक कोण सोडतो? माझ्या बायकोचा, सरूचा, संशय लॅबवर. रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल होत असणार म्हणे. आणि डॉक्टरांचा संशय आम्हा दोघांवर.

“बाहेरचं काही खायला देताय का?”

“नाय हो, घास बी नाय,” सरू म्हणाली. मीही छातीठोकपणे मान हलवली.

“आता वाढलं तर डायलिसिस,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे यंत्रानं रक्त धुणं. ते ऐकताच सरूनं उशाजवळची बाटली उचलून त्यांच्यापुढं धरली.

“ह्यात नारळपाणी हाय. गोळ्या लई गरम पडतात, म्हणून दर गोळीमागं देते. घरी बी तसंच देत होते. पण हे तर पाणीच हाय ना?”

मलाही ते पाणीच वाटत होतं. उपासालाही चालतं, त्याला खाणं कोण म्हणेल?

डॉक्टर रागावले नाहीत. “यात पोटॅशियम भरपूर असतं, काकू. निरोग्याला चालतं. यांना एक घोटही नको.”

बाटली बंद झाली, आकडा उतरला, यंत्र टळलं. डॉक्टरांचे आभार मानले. त्यांच्यावर संशय घेतला होता, त्यामुळे मान वर करवेना.

तुमच्या घरी मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर उन्हाळ्यात थंड म्हणून जे जे द्याल, ते आधी डॉक्टरांना विचारा. सगळ्या जगावर संशय घ्या, पण थोडा शहाळ्यावरही घ्या.

घरी आल्यापासून सरू माझ्या पाण्याचा पेला आधी स्वतःच्या तोंडाला लावते. साधं माठातलं पाणी, तरी चव घेऊन बघते. परवा मला राहवलं नाही. “अगं, माझा तुझ्यावर इस्वास हाय.”

“माझाच नाय राहिला,” ती म्हणाली, आणि अजून एक घोट घेऊन मग पेला माझ्या हातात दिला.