आचाऱ्यांचे आचार्य झाले तेव्हा

सगळं गाव त्यांना ब्रेकताई म्हणायचं. त्यात थट्टा थोडी होती, माया जास्त. त्या गाडी चालवायला शिकवायच्या. नवा माणूस पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि समोरून साधी सायकल आली तरी तो डोळे मिटायचा. मग शेजारच्या सीटवरून ताईंचा शांत आवाज यायचा, "घाबरू नका. एक ब्रेक माझ्या पायाखाली पण आहे." एवढ्या एका वाक्यावर त्यांनी डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत कितीतरी जणांना रस्त्यावर आणलं होतं. चांगल्या अर्थाने.

कम्प्युटरशी त्यांचा संबंध तसा बेताचाच. क्लासच्या पुढच्या खोलीत एक जुना कम्प्युटर होता. लेखी परीक्षेचा सराव मुलं त्यावर करायची. एके सकाळी तो सरावाचा प्रोग्रॅम उघडेचना. बनवणारी कंपनी गाशा गुंडाळून गेली होती, आणि पडद्यावर नुसती पाटी होती: मुदत संपली.

"वा रे वा!" ताई कडाडल्या. "गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि किल्ली पळून गेलेल्याच्या खिशात?"

त्या वेळी शिकायला येणाऱ्यांत तिशीचा एक प्रोग्रॅमर होता. तो इतका कमी बोलायचा की ताईंनी त्याचं नाव मौनी ठेवलं होतं. गिअर बदलू का, हेसुद्धा तो मानेनेच विचारायचा. त्याने मुकाट्याने खुर्ची ओढली, कम्प्युटरवर काहीतरी उतरवून घेतलं, आणि चहा निवायच्या आत सरावाचा नवा प्रोग्रॅम सुरू करून दिला. जुन्यापेक्षा चांगला.

"हे कोणाचं?" ताईंनी विचारलं.

"कोणाचंच नाही," मौनी म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे सगळ्यांचं. कुणीही आत उघडून बघायचं, चुकलं असेल ते नीट करायचं, आणि नीट केलेलं परत सगळ्यांना द्यायचं. याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात."

गाडी शिकायला आल्यापासूनचं हे त्याचं सगळ्यात लांब भाषण.

"इतकी चांगली गोष्ट, आणि लोकांना पत्ताच नाही?"

"आम्ही सांगतो ना लोकांना."

"कुठे?"

मौनीने मान खाली घातली. "आमच्याआमच्यात."

पुढच्याच रविवारी ताई त्या 'आमच्याआमच्यात' जाऊन थडकल्या. तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेत आठ-दहा जण वायरींच्या गुंत्यात बसले होते. त्यांचे म्होरके होते तिथलेच शिक्षक. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. माणूस देवमाणूस, पण सावध इतका की शिंकायच्या आधी दोनदा विचार करील. ताई म्हणाल्या, गावात लोकांनी चालवलेली टीव्ही वाहिनी आहे, तिथे कुणालाही कार्यक्रम करता येतो, आपण करू. सर दचकले. "अहो ताई, आमच्यातल्या कुणाला कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही."

"माझ्याकडे येणाऱ्या कुणाला गाडी चालवता येत नाही," ताई म्हणाल्या. "म्हणूनच येतात ना ते?"

वाहिनी चालायची जुन्या अग्निशमन केंद्रात. जिथे पूर्वी बंब उभे राहत तिथे आता स्टुडिओ होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टांगलेल्या, आणि त्यातल्या दोन-तीन तर उघड उघड कुणाच्या तरी पलंगावरून आलेल्या. वाहिनीचे व्यवस्थापक एकटेच सगळं बघायचे, म्हणून सगळे त्यांना साहेब म्हणायचे. साहेबांकडे शनिवार दुपारचा तास मोकळा होता. त्या वेळात दाखवायला काहीच नसल्यामुळे ते माशांची काचपेटी दाखवत असत. मासे इकडून तिकडे, तिकडून इकडे, तासभर.

"घ्या तो तास," साहेब म्हणाले. "पण लोकांचे फोन आले पाहिजेत. नाही आले, तर माझे मासे परत."

पहिला कार्यक्रम सपशेल आपटला. पाहुणा म्हणून सरांच्या गटातल्या एका स्वयंसेवकाला बसवला होता. दिवे लागले आणि त्याची दातखीळच बसली. ती सुटली तेव्हा त्याने असे काही जड तांत्रिक शब्द सोडले की कॅमेऱ्यामागच्या मुलीने जांभई दिली, आणि ती माइकने टिपली. ताई मध्ये पडल्या. "अहो, इंजीन नंतर उघडू. आधी गाडी कुठे चाललीय ते सांगा." पाहुणा हसला, जरा मोकळा झाला, आणि तेवढ्यात चक्क फोन वाजला. साहेबांनी खूण केली, ताईंनी उत्साहाने उचलला.

पलीकडून मुद्दाम घोगरा केलेला आवाज आला. "मासे कुठे गेले?"

ताईंनी डोळे मिटले. आवाज कितीही घोगरा केला तरी सासू ओळखू येतेच.

घरी गेल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. सासूबाईही बोलल्या नाहीत. नवऱ्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं; तो दोन्ही बाजूंचा थंडपणा ओळखून गुपचूप जेवत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "अगं, एक फोन तरी आला की!" दोघींनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पाण्याचा तांब्या भरायला जाणंच पसंत केलं.

पण ताई मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी स्वयंसेवकांना एकेक करून आपल्या गाडीत बसवलं, रिकाम्या मैदानात नेलं आणि चालवता चालवता बोलायला लावलं. क्लच सांभाळताना माणसाला अवघड शब्द आठवत नाहीत. तो साधंच बोलतो. हळूहळू कार्यक्रमाला सूर सापडला. एका शनिवारी शिवणाचे नमुने कम्प्युटरवर कसे काढायचे ते दाखवलं, एकदा भंगारात निघालेला कम्प्युटर ग्रंथालयासाठी कसा उभा केला ते दाखवलं. फोन येऊ लागले. थोडे, पण सासूबाईंखेरीज इतरांचेही.

आणि मग ती आचाऱ्यांची गोष्ट घडली.

कारखान्याच्या कँटीनमधले आचारी कोठीतला माल किती उरला हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून बघायला शिकले होते. त्यांच्यावरच कार्यक्रम होता. मुख्य आचारी स्वतः आला होता, पांढरा स्वच्छ अंगरखा घालून, अगदी नवरदेवासारखा. ताईंनी मथळा दिला होता, 'आचाऱ्यांचा कम्प्युटर'. पडद्याखाली अक्षरं झळकली, आणि काही क्षणांतच फोन घणघणला.

"मी त्या आचाऱ्याची बायको बोलतेय," पलीकडून खणखणीत आवाज आला. "तुम्ही खाली लिहिलंय, 'आचार्यांचा कम्प्युटर'. अहो, आमचे हे आचारी आहेत, आचार्य नाहीत! आधीच घरी आले की इकडची काडी तिकडे करत नाहीत. आता तुम्ही आचार्य केलंत, म्हणजे झालंच! उद्यापासून मला प्रवचनं ऐकावी लागणार!"

स्टुडिओत हशा पिकला. आचारी लाजून लाल झाला. सरांचा मात्र चेहरा पडला. "बंद करा तो मथळा," ते कुजबुजले. "शोभा झाली."

ताईंनी मथळा काढू दिला नाही. त्यांनी मथळे टाकायला कम्प्युटरवर बसलेल्या मौनीला थेट कॅमेऱ्यासमोरच हाक मारली. "ये रे इकडे. मी 'आचाऱ्यांचा' असंच लिहिलं होतं. मग ही चूक कोणाची?"

मौनी घाबरत घाबरत उजेडात आला. "मथळे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची. तोही मुक्तच आहे." त्याने बोट स्वतःकडे वळवलं. "म्हणजे आपलीच."

मग त्याने सांगितलं. आपण 'आचाऱ्या' लिहितो तेव्हा 'र' आणि 'य' यांच्यामध्ये कम्प्युटर एक अदृश्य खूण ठेवतो. ती खूण असली की आचारी आचारीच राहतो. गेली की त्याचा आचार्य होतो. हा प्रोग्रॅम बनवणारी माणसं परदेशातली, त्यांना आपली लिपी वाचता येत नाही. त्यांना ती खूण केरकचरा वाटली, म्हणून प्रोग्रॅम ती झाडून टाकतो.

"मग करायची का नीट?" ताईंनी विचारलं.

"करता येईल."

"इथेच? सगळ्यांसमोर? पुढच्या शनिवारी?"

सर मागून दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते. मौनीने त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं, आणि मान हलवली. होकारार्थी.

ताई कॅमेऱ्याकडे वळल्या. "मंडळी, आम्हाला शब्द हवेत. हा 'ऱ्या' ज्यात येतो असे शब्द. तुम्ही सांगाल तो प्रत्येक शब्द आम्ही पडद्यावर दाखवणार. बरोबर दिसला तर टाळ्या, चुकला तर शिव्या, दोन्ही आमच्या पदरात."

पुढच्या शनिवारी साहेबांच्या एकुलत्या एका फोनला उसंत मिळाली नाही. शेवटी त्यांनी आपला आणि बायकोचा मोबाइलही टेबलावर ठेवला. कुणी 'दऱ्या' दिला. चुकीचा दिसला तर दरीचा समुद्र होतो, हे एका चिमुरडीने तावातावाने सांगितलं. कुणी 'पायऱ्या' दिला, कुणी 'कोपऱ्यात', कुणी 'वाऱ्यावर', एका न्हाव्याने 'वस्तऱ्याने'. मौनीचे हात चालत होते आणि तोंडही चालत होतं. कुठली ओळ खूण झाडते, ती कशी बदलायची, तो बोटाने दाखवत होता. बदललेला प्रोग्रॅम सुरू झाला. 'दऱ्या' आला, बरोबर. 'पायऱ्या', बरोबर. 'कोपऱ्यात', 'वाऱ्यावर', 'वस्तऱ्याने'. दर शब्दाला स्टुडिओत टाळ्या. सरसुद्धा गादीच्या भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात ताईंनी आणखी एक फोन उचलला. या वेळी आवाज घोगरा केलेला नव्हता.

"माझा पण एक शब्द घे," सासूबाई म्हणाल्या. "तऱ्हेवाईक. तुझ्यावरूनच सुचला."

मौनीने शब्द टाकला. पडद्यावर उमटलं: 'तर्हेवाईक'. चूक! टाळ्या थांबल्या. मौनीने कपाळावर हात मारला. त्याने फक्त 'य'चा विचार केला होता, 'ह' राहूनच गेला होता.

"सासूबाई," ताई सगळ्या गावाच्या देखत म्हणाल्या, "तुम्ही नसतात तर ही चूक तशीच राहिली असती."

पलीकडे सासूबाईंचा सूर उतरला. मग, "बरं बरं. आता नीट करा तो. मी थांबते फोनवर." आणि त्या खरंच थांबल्या. मौनीने ओळ पुन्हा लिहिली, 'तऱ्हेवाईक' ऐटीत पडद्यावर उभा राहिला, आणि फोनमधून सासूबाईंच्या टाळ्या ऐकू आल्या.

पण आपल्या स्टुडिओत नीट होऊन काय उपयोग? ही दुरुस्ती मूळ प्रोग्रॅममध्ये गेली पाहिजे, तरच ती सगळ्यांना मिळणार. मौनीने ती पाठवली. परदेशातून नम्र उत्तर आलं: आम्हाला दोन्ही अक्षरं सारखीच वाटतात, हा फरक केवळ शोभेचा आहे का?

स्वयंसेवकांचा संताप झाला. सर लिपीच्या इतिहासावर भलंमोठं टिपण लिहायला बसले. ताईंनी ते वाचलं, बाजूला ठेवलं, आणि म्हणाल्या, "सर, गाडी शिकवताना मी पेट्रोलचा इतिहास सांगत नाही. त्यांना लिहा: एका खुणेने फरक पडतो तो असा, की एक माणूस तुम्हाला जेवू घालतो आणि दुसरा तुम्हाला उपदेश करतो. आता सांगा, भूक लागल्यावर हा फरक शोभेचा वाटेल का?" सोबत लोकांनी सुचवलेले सगळे शब्द आणि कार्यक्रमाची चित्रफीत पाठवून दिली.

थोडे आठवडे गेले. मग एका दुपारी ताई एका शिकाऊ बाईंना घेऊन चौकात असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. पलीकडे मौनी होता, आणि मौनी ओरडत होता. "ताई, घेतली! त्यांनी घेतली! नव्या आवृत्तीत येणार!" शिकाऊ बाईंना कशाचाच पत्ता नव्हता, पण ताईंचा चेहरा पाहून त्यांनी आनंदाने हॉर्न वाजवला.

नवी आवृत्ती आली त्या शनिवारी स्टुडिओत उभं राहायला जागा नव्हती. आचारी बायकोसह आला होता. प्रोग्रॅमला मदत करणाऱ्यांच्या यादीत आचाऱ्याच्या बायकोचं नाव छापून आलं होतं, सासूबाईंचंही होतं, आणि सासूबाई ते शेजारणीला चौथ्यांदा दाखवत होत्या. आचाऱ्याने स्वतःच्या हाताने मथळा टाइप केला. 'आचाऱ्यांचा कम्प्युटर'. तो जसाच्या तसा पडद्यावर उमटला, कुणी काही दुरुस्त न करता, आणि जुन्या अग्निशमन केंद्रात इतका गलका झाला की भिंतीवरची एक गादी निसटून खाली पडली. साहेबांनी ती उचलायची तसदी घेतली नाही. तेही नाचत होते.

कार्यक्रम संपताना मौनी ताईंकडे आला. एका दूरच्या देशातून एका बाईंचा निरोप आला होता. त्यांची भाषा वेगळी, लिपी मात्र हीच. तो अख्खा निरोप मौनीने कॅमेऱ्यासमोर न अडखळता वाचून दाखवला. त्या बाईंनी लिहिलं होतं, आमच्याकडेही कितीतरी शब्द असेच मोडके दिसायचे; आम्ही ते नशीब म्हणून सोडून दिलं होतं. आज सकाळी कम्प्युटर उघडला तर सगळे शब्द नीट. तुम्ही कोण आहात माहीत नाही, पण आमच्या गावातर्फे आभार. आणि राग मानू नका, आमच्याकडे आणखी एक अक्षर चुकतं, त्याचं काय करायचं?

स्टुडिओत सगळे ताईंकडे बघू लागले. ताईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदराने टिपले नाहीत, तसेच राहू दिले.

"लिही त्यांना," त्या मौनीला म्हणाल्या. "शनिवारी दुपारी मोकळ्या आहात का, विचार."