ओहायोचे वाल्मिकराव आणि किचनरची बस

कॅनडातल्या किचनरला राहून अमेरिकेतल्या ओहायोचं राजकारण सांभाळणारा माणूस पाहायचा असेल, तर वाल्मिकराव मेश्रामांच्या घरी जावं. नागपूरजवळच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर ते मुलाकडे, हर्षवर्धनकडे, कॅनडात आले आणि यथावकाश इथले नागरिकही झाले. पण मन गुंतलं ते सीमेपलीकडे, आणि त्याला कारण त्यांची मुलगी दीपा. ती ओहायोत असते. तिला अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा द्यायची होती आणि अभ्यासाचा कंटाळा होता, म्हणून वाल्मिकराव रोज फोनवर तिच्याकडून प्रश्नोत्तरं घोकून घेत. दीपा पास झाली आणि सगळं विसरली. वाल्मिकराव विसरले नाहीत.

मग दीपाच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे नवरे आले, नवऱ्यांचे आईबाप आले. दर शनिवारी सकाळी बेसमेंटमध्ये, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लॅपटॉप उघडून वाल्मिकराव तिकडच्या लोकांना तिकडचंच सरकार समजावून देऊ लागले. सिनेट कशाला असतं, गव्हर्नरचा अधिकार कुठे संपतो, हे सगळं ते आपल्याकडच्या पंचायत समितीचे दाखले देऊन असं सांगत, की आजीबाईंनाही पटकन कळे. परीक्षा पास झाली तरी कुणाची सुटका नसे.

"मतदार म्हणून नाव नोंदवलं का? शाळा मंडळाचीही निवडणूक असते बरं, ती सोडायची नाही. ज्यानं मत दिलं नाही, त्यानं तक्रार करू नये," असा त्यांचा फोन जाई. लोक मत द्यायला जात. निदान पुढचा फोन टळावा म्हणून तरी जात.

त्यांच्या पत्नी बेबीताई या उद्योगाला लष्कराच्या भाकऱ्या म्हणत, पण आड येत नसत. त्यांचं स्वतःचं जग वेगळं होतं आणि ते घरासमोरच्या बसथांब्यापासून सुरू होई. गाडी चालवता येत नव्हती, इंग्रजी बेताचं, गुडघे त्याहून बेताचे. तरी मंगळवारी कम्युनिटी सेंटरला पोहण्याचा वर्ग, गुरुवारी ग्रोसरी, मध्येच एखादी मैत्रीण, हे सगळं त्या एकट्या करत. नागपूरला असताना त्या एकट्या कधी सीताबर्डीलाही गेल्या नव्हत्या. "माझी मी जाते" हे वाक्य त्यांना साठीनंतर, परक्या देशात मिळालं होतं.

एका मंगळवारी त्या परतल्या त्या ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून बैठकीत आल्या. टीव्हीवर अमेरिकेची चर्चा चालू होती. बेबीताईंनी फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला. थांब्याच्या खांबाला लावलेल्या सूचनेचा फोटो होता. डिसेंबरपासून हा थांबा बंद. पुढचा थांबा मोठा रस्ता ओलांडून, चढावरच्या पेट्रोल पंपापाशी.

"बर्फात तिथवर मी कशी जाऊ? हे कोणाले सांगायचं, सांगा बरं."

वाल्मिकरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. इतकं गांभीर्य ते निकालाच्या दिवशीही दाखवत नसत. "सोपं आहे. आपल्या काँग्रेसमनला लिहायचं."

"आपल्याले काँग्रेसमन आहे?"

काँग्रेसमन अमेरिकेत असतो, कॅनडात खासदार असतो, हे वाल्मिकरावांना आत्ता आठवलं. मग त्यांनी खासदाराच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की बस राजधानी ओटावातून चालत नाहीत. मग सिटी हॉलला लावला. तिथली मुलगी त्याहून गोड. बस सिटीची नाही, रीजनची, सॉरी. रीजन म्हणजे आजूबाजूची शहरं आणि गावं मिळून असलेली परिषद, साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखी. इतकी वर्षं वाल्मिकराव तिच्या हद्दीत राहत होते आणि तिच्याशी त्यांची ओळख नव्हती.

"आपण मत दिलं होतं का हिले?" बेबीताईंनी विचारलं.

मागच्या वेळी इथे मतदान होतं, त्या दिवशी वाल्मिकराव ओहायोतल्या एका आळशी जावयाला फोनवरून लोकशाही समजावत होते. आपली मतदानाची चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली राहून गेली होती. ते त्यांना आठवलं. बेबीताई तर ते कधी विसरल्याच नव्हत्या.

"ज्यानं मत दिलं नाही, त्यानं..." त्या म्हणाल्या आणि बाकीचं त्यांनी नवऱ्यासाठी ठेवलं.

हर्षवर्धनने शोधून काढलं, की परिषदेच्या सभेत कुणालाही नाव नोंदवून पाच मिनिटं बोलता येतं. "बाबा, कीप इट शॉर्ट. जस्ट टेल देम अबाउट द स्टॉप."

शॉर्ट हा शब्द वाल्मिकरावांच्या कानांवरून गेला. आंबेडकर जयंतीला ते प्रास्ताविकच अर्धा तास करत. इंग्रजीत भाषण तयार झालं. आधी सभाध्यक्षांना वंदन, मग सन्माननीय सदस्य, मग उपस्थित बंधुभगिनी, मग संविधान, आधी अमेरिकेचं मग भारताचं, आणि त्या दोघांतून वाट काढत बस. स्वयंपाकघरात रंगीत तालीम झाली. बेबीताईंनी कुकर लावला होता.

तुरीची डाळ शिजली. बेबीताईंनी गॅस बंद केला.

"तीन शिट्ट्या झाल्या, अन् तुमची बस अजून आली नाही."

"पाया तर घालावा लागतो ना."

"पायाच घालून राहिले तुम्ही. माह्या पायाचं काय?"

सभेच्या संध्याकाळी वाल्मिकराव सूट घालून गेले. बेबीताईंनी निळी साडी नेसली, पायात बर्फाचे बूट, कारण परतताना वाट घसरडी होणार होती. वाल्मिकरावांचं नाव पुकारलं गेलं. माइकपाशी जाऊन त्यांनी चष्मा लावला, सभाध्यक्षांना वंदन केलं, सदस्यांना केलं, बंधुभगिनींना केलं. वेळ दाखवणारा समोरचा हिरवा दिवा पिवळा झाला तेव्हा ते फिलाडेल्फियात होते, संविधानाच्या जन्मापाशी.

त्यांनी वळून पाहिलं. बेबीताईंनी मांडीवरून हळूच तीन बोटं वर केली, कुकरच्या तीन शिट्ट्यांची.

वाल्मिकरावांच्या हातात अजून पाच पानं होती. आयुष्यात प्रथमच त्यांनी तयार भाषण घडी करून खिशात घातलं. मग साध्या इंग्रजीत म्हणाले, "ती माझी बायको. हा थांबा आहे, म्हणून ती एकटी बाहेर जाते. थांबा गेला तर ती घरी बसेल, आणि दिवसभर तिला माझ्याकडून अमेरिकेचं सरकार ऐकावं लागेल. कृपा करून तिच्यावर ही वेळ आणू नका."

सभागृहात हसू पसरलं. दिवा लाल झाला. एका सदस्य बाईंनी बेबीताईंनाच विचारलं, की त्या थांब्यावर आणखी कोण असतं. बेबीताई उभ्या राहिल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागल्या. काठीवाले आजोबा, रात्रपाळीहून परतणारी नर्स, जुळ्यांची गाडी ढकलणारी सोमाली बाई. नावं त्यांना माहीत नव्हती, पण कुणाला चढताना हात द्यावा लागतो, ते माहीत होतं. बसताना त्यांचे गाल लाल झाले होते.

थांबा कायमचा वाचला असं नाही. परिषदेने विषय फेरविचाराला पाठवला आणि हिवाळा सरेपर्यंत खांब आहे तिथेच राहील असं ठरलं. बेबीताईंना तेवढं पुष्कळ होतं. वसंतात पुन्हा जाऊ, म्हणाल्या, तोवर तुम्ही भाषण छोटं करा.

शनिवारचा ओहायोचा वर्ग चालूच आहे. फक्त आता पहिला प्रश्न नवा असतो. तुमच्या दारावरून जाणारी बस कुणाची?

"बाबा, मी गाडीनं जाते," दीपा म्हणाली.

"मग रस्ता कुणाचा, ते सांग."

आणि मंगळवारी वाल्मिकराव बायकोला पोचवायला थांब्यापर्यंत येतात. तिला गरज नाही, तरी येतात. काठीवाल्या आजोबांना, नर्सला, जुळ्यांच्या आईला ते रीजन म्हणजे काय आणि पुढची निवडणूक कधी, हे समजावून सांगतात. तेवढा वेळ बस उशिरा यावी अशी एकट्या वाल्मिकरावांची इच्छा असते, आणि लवकर यावी अशी बेबीताईंसकट बाकी सगळ्यांची.