काळी कमर्शियल कधी होते?

पंपाची जळलेली मोटार पुन्हा बांधताना तांब्याच्या तारेचे तुकडे खाली पडत राहतात. एकेका तुकड्याकडे कोणी पाहत नाही. दिवाळीआधी दुकान झाडायला काढलं की डबाभर तांबं निघतं आणि आपण म्हणतो, हे साचलं कधी? किश्शांचं तसंच आहे. मला रोजनिशी लिहायची सवय आहे. कोणाची मोटार आली, कोणत्या गेजची तार लागली, एवढं वर लिहितो आणि उरलेल्या जागेत शेजारच्या गजूच्या हॉटेलात काय बोलणं झालं ते लिहितो. अलीकडे वरचा मजकूर कमी आणि खालचा जास्त व्हायला लागला. त्याला कारण एक कंपनी.

गजूचं हॉटेल म्हणजे कामरगावच्या स्टँडजवळचं टिनाचं शेड, दोन बाकं आणि एक भट्टी. नेमाने बसणारे आम्ही चौघं. देशमुख सर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. गोपालसेठ सोयाबीन आणि तुरीची खरेदी करतात. इंगोलेभाऊ बसचे कंडक्टर होते. आता रिटायर झालेत आणि जवळच्या खेड्यातून रोज जीपने येतात. चौथा मी. मला सगळे मिस्त्री म्हणतात. गजू धरला तर पाच. पण गजूने त्या कंपनीचा एकही शेअर घेतला नाही, त्यामुळे बोलायचा हक्क सगळ्यात जास्त त्यालाच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. लहान कंपनी आहे. ग्राफीन बनवते, किंवा बनवणार आहे. या दोन्हींत फरक किती, हाच आमचा विषय.

*

ग्राफीन आमच्यात आणलं सरांनी. पेन्सिलीचं शिसं असतं ना, त्याचाच एक थर, एका अणूएवढा पातळ. पण पोलादाहून मजबूत, असं त्यांनी समजावलं. मग मोबाइलवर कंपनीचं माहितीपत्रक काढून मराठी करून वाचायला लागले.

"बॅटरीत चालते, रंगात चालते, सिमेंटात चालते. आणि हे पाहा, जगातला सगळ्यात उत्तम कंडक्टर."

इंगोलेभाऊ तोपर्यंत बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "सर, ते शेवटचं पुन्हा वाचा बरं."

सरांनी पुन्हा वाचलं.

गजू भट्टीपासूनच म्हणाला, "सुट्टे देते का?"

सगळे हसले, इंगोलेभाऊ सोडून. त्यांच्या आख्ख्या नोकरीत एक चौकशी लागली नव्हती. जगात कोणीतरी कंडक्टरला उत्तम म्हणतंय, ही गोष्ट त्यांना हसण्यावारी न्यावीशी वाटली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी शेअर घेतले.

पैसे होते ते घराच्या मागच्या खोलीवर स्लॅब टाकायला ठेवलेले. खोलीवर टिन आहे आणि ते गळतं. कौतिकाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, पलंगावर गठ्ठा मांडून गावातल्या बायांना साड्या विकतात. त्यांना त्या खोलीत दुकान टाकायचं होतं. पण गळक्या टिनाखाली साड्यांचं दुकान कसं टाकणार? इंगोलेभाऊंनी त्यांना सांगितलं, "कंपनी कमर्शियल होऊ दे. मंग एक नाही, दोन मजले टाकू."

*

कंपनीचा माल काळा, म्हणून आम्ही तिला आपसात काळी म्हणायला लागलो. "काळी काय म्हणते आज?" अशी सकाळची सुरुवात.

एकदा शेजारच्या बाकावर एक अनोळखी माणूस जीपची वाट पाहत बसला होता. आसेगावकडचा असावा. हातात नवं दावं होतं.

सेठ म्हणाले, "काळी काल बसली ते उठलीच नाही."

सर म्हणाले, "परवा तर चांगली उठली होती."

"मले तं तिच्यात दमच नाही दिसून राह्यला."

त्या माणसाला राहवलं नाही. "पोट कसं दिसते तिचं?"

सर मोबाइलमध्ये गुंतले होते. ते तंद्रीतच म्हणाले, "फुगवल्यासारखं वाटतं सगळं."

"मंग गाभण असन. आता इकू नोका."

"कंपनीवाले बी तेच म्हणून राह्यले," सेठ म्हणाले.

जीप आली. माणूस चढता चढता थांबला आणि गजूला हळूच म्हणाला, "म्हशीची बी कंपनी निंगाली काय?"

आम्ही हसत बसलो. इंगोलेभाऊ मात्र गंभीरपणे म्हणाले, "पाहा, तिऱ्हाईत माणूस हाय, तरी म्हणते इकू नोका."

*

गोपालसेठ पोत्यात हात घातल्याशिवाय सोयाबीन घेत नाहीत. मूठभर काढायचं, तळहातावर पसरायचं, एक दाणा दाताखाली धरायचा. ओलावा किती ते मशीनच्या आधी सांगतात. काळीचे शेअर मात्र त्यांनी सरांच्या भरवशावर न बघता घेतले होते आणि ती गोष्ट त्यांना आतून खात होती. शेवटी एके दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. फोन स्पीकरवर. पलीकडे एक मुलगी, गोड हिंदी बोलणारी.

"मॅडम, सँपल भेजो. दो मुठ्ठी बस."

"सर, सँपल हम सिर्फ क्लायंट को देते हैं."

"तो क्लायंट कितने हैं?"

"सर, अभी हम प्री-रेव्हेन्यू हैं."

सेठनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. इंगोलेभाऊ म्हणाले, "रेव्हेन्यू म्हणजे तहसील."

सेठचा चेहरा खुलला. "असं व्हय. म्हणजे नोंद व्हायची हाय. फेरफार अडकला असन." मग फोनमध्ये म्हणाले, "मॅडम, टेन्शन मत लो. एक बार तलाठी से मिल लो. सातबारा पे नाम चढ़ गया तो आगे कोई दिक्कत नहीं."

मग ती म्हणाली, "नोटेड, सर."

फोन ठेवल्यावर सरांनी समजावलं की तसं नाही. प्री-रेव्हेन्यू म्हणजे कंपनीचा अजून एक रुपयाचाही माल विकला गेलेला नाही.

सेठनी ऐकून घेतलं. "मंग सरळ सांगावं ना मानसानं, बोहनी झाली नाही म्हून."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक ओळखीचा ड्रायव्हर चहा मागायला आला आणि पैसे संध्याकाळी देतो म्हणाला. गजू कपाला हात न लावता म्हणाला, "मी अजून प्री-रेव्हेन्यू हाओ भाऊ. मंग ये."

*

कमर्शियल या शब्दावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी कंपनीच्या ऑफिसातही झाली नसेल. दर तिमाहीला कंपनी कळवायची की कमर्शियल उत्पादन लवकरच अपेक्षित आहे. सर ते वाचून दाखवायचे. इंगोलेभाऊ मान हलवायचे. लवकर म्हणजे कधी, हे कोणी विचारत नसे. बसची वाट पाहणाऱ्यांची गर्दी ज्यांनी नोकरीभर हाताळली, त्यांना हा प्रश्न अपमानाचा वाटायचा.

एकदा असंच वाचन चालू होतं. गजू भांडी विसळता विसळता थांबला.

"सर, एक सांगा. कमर्शियल झाल्यावर इतकं काय खूश व्हायचं असते?"

"अरे, धंदा सुरू होतो मग."

"माहा धंदा तं आधीच सुरू होता," गजू म्हणाला. "घराच्या मीटरवरून वायर आणली होती मी या शेडमंदी. एक बल्ब, एक पंखा. विजेचे साहेब आले, पाह्यलं, मले म्हणे तू कमर्शियल. बल्ब तोच, पंखा तोच, रेट वाढला. त्या दिवशी मी जेवलो नाही. अन् तुमी चार शिकले-सवरले माणसं कंपनी कमर्शियल व्हाव म्हून वाट पाहून राह्यले."

सर हसू दाबत म्हणाले, "गजू, कंपनीचाही रेट वाढतो रे. शेअरचा."

"कायचाही असो. वाढला का माणूस रडतेच," गजू म्हणाला.

*

मग एकदा काळी खरोखर उठली. कोण्या मोठ्या कारखान्याबरोबर तिचा करार झाल्याची बातमी आली आणि रोज अप्पर सर्किट लागायला लागलं. म्हणजे भाव एका दिवसात जेवढा वाढू शकतो तेवढा सकाळीच वाढायचा आणि मग व्यवहारच थांबायचा. मी म्हटलं, आमच्या धंद्यात सर्किट नीट बसलं नाही तर मोटार जळते. कोणी लक्ष दिलं नाही.

गोपालसेठनी एका सकाळी सगळा माल काढला. शेअरला ते मालच म्हणतात. कारण विचारलं तर म्हणाले, "सँपल न दाखवणाऱ्याचा माल भाव आला का काढायचा. गोदामात ठेवला तं पोरकिडा लागते."

सरांनी इंगोलेभाऊंना सुचवलं, निम्मे तरी काढा. स्लॅब होऊन जाईल.

इंगोलेभाऊ म्हणाले, "सर, गाडी भरल्याबिगर मी कधी डबल बेल देली नाही."

गाडी पुढच्या आठवड्यात रिकामी झाली. तो करार म्हणजे करार करायचा की नाही हे ठरवण्याचा करार होता, असं निघालं. मग रोज लोअर सर्किट लागलं. विकायला सगळे उभे, घ्यायला कोणी नाही. इंगोलेभाऊ रोज यायचे, मोबाइल बघायचे आणि खिशात ठेवायचे. गजूने त्या दिवसांत त्यांना एकही टोमणा मारला नाही. यावरून परिस्थिती किती बिकट होती ते कळेल.

*

सर्किटं थांबून भाव एका जागी बसला, त्याच सुमारास कौतिकाबाई बाजाराला आल्या होत्या. हातात भाजीची थैली. हॉटेलपाशी थांबल्या. बाया आमच्या त्या बाकांकडे सहसा फिरकत नाहीत, त्यामुळे आम्ही सगळे सरळ बसलो. इंगोलेभाऊंनी उगाच बशी पुसली.

कौतिकाबाई सरांना म्हणाल्या, "सरभाऊ, ते तुमचं काळं पावडर सिमेंटात टाकतात म्हणे?"

"हो वहिनी, टाकतात. स्लॅब मजबूत होतो."

"मंग आमच्या स्लॅबमंदी कधी पडते ते?"

सर केमिस्ट्रीचे आहेत. अवघड प्रश्न आला की ते माहितीत शिरतात. म्हणाले, "वहिनी, त्याचं वैशिष्ट्य असं, की ते फार थोडं लागतं. एवढ्या सिमेंटात चिमूटभर टाकलं तरी पुरतं."

कौतिकाबाई नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "मंग चिमूटभर ठेवा अन् बाकीचं इकून टाका. माह्या लुगड्याइले टिनाखाली बुरशी लागून राह्यली."

आणि त्या थैली उचलून जीपकडे गेल्या. गजूने इंगोलेभाऊंसमोर न मागता दुसरा चहा ठेवला.

*

त्यानंतर इंगोलेभाऊ बरेच दिवस आले नाहीत. जीपवाला सांगायचा, घरीच आहेत, काही कामात आहेत. सर म्हणाले, आपल्यावर राग धरला असेल. सेठ म्हणाले, कंडक्टर प्रवाशावर राग धरत नाही. मी कामाला लागलो. एका पाणबुडी मोटारीचं काम हातात होतं.

मग एका सकाळी जीप थांबली आणि इंगोलेभाऊ उतरले. इस्त्रीचा शर्ट. पायताणाला सिमेंट लागलेलं. बाकावर बसले आणि चहा सांगायच्या आधी म्हणाले,

"झालं कमर्शियल."

सरांनी कप खाली ठेवला. त्यांनी मोबाइल काढला. सेठचे शेअर कधीच विकून झाले होते, तरी त्यांनीही काढला. मीही काढला, माझेही थोडे आहेत. कंपनीची कुठलीच सूचना नव्हती. भाव कालचाच.

सर म्हणाले, "कुठं झालं? इथं तर काही नाही."

"कंपनीचं नाही सर. माह्या घरचं."

सेठनी मोबाइल खिशात ठेवला.

"मागच्या खोलीवर स्लॅब टाकला. दुकान लागलं. काल साहेब आले, साड्या पाह्यल्या, मीटर पाह्यलं, अन् केलं कमर्शियल."

सर म्हणाले, "आणि ग्राफीन?"

"इकलं. स्लॅबमंदी गेलं. चिमूटभर ठेवलं."

गजूने फडक्याला हात पुसले, भट्टी सोडून तो बाहेर आला आणि इंगोलेभाऊंच्या समोर उभा राहिला.

"रेट?"

इंगोलेभाऊंनी पाठ ताठ केली.

"वाढला."