तलावातली मगर आणि आमचा पक्ष

संपानंतर गिरणी पुन्हा उघडलीच नाही आणि लालबागमधली माझी खाणावळ दुपारी ओस पडू लागली. त्या रिकाम्या बाकांवर आमचा पक्ष जन्माला आला. दादरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर अध्यक्ष झाले, साचेखात्यातले बेकार जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, चिटणीस. मला खजिनदार केलं, कारण चहा माझाच असायचा. झेंडा अर्धा लाल, अर्धा हिरवा. पहिल्या सभेला दोघंजण लग्नाचा मांडव समजून आले आणि जेवणाचं विचारून गेले.

आमची मागणी एकच होती. गिरणीच्या आवारातला तलाव बुजवू नका, काठची झाडं तोडू नका, ती जागा कामगारांच्या वस्तीला मोकळी ठेवा. सर गेटसभेत प्राणवायू समजावून सांगत. लोक शांतपणे ऐकत आणि विचारत, "गिरणी कधी सुरू होणार?"

एक दिवस गिरणीची जागा घेतलेल्या बिल्डरचे भरावाचे ट्रक आले. सर निवेदन लिहायला बसले. जॉबर म्हणाले, "सर, झाडांसाठी कोण थांबाचो नाय. मगरीसाठी सगळी मुंबय थांबात."

"पण तलावात मगर नाही."

"ता तुमका म्हायत. ट्रकवाल्यांका खंय म्हायत?"

संध्याकाळपर्यंत मगर लालबागभर झाली. माझ्याकडे मासळी घालणाऱ्या कोळीवाड्यातल्या मावशींनी तर तिची शेपटी पाहिली होती, आणि पाण्यातल्या जिवांबद्दल मावशींवर शंका घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ट्रकवाले काम टाकून भिंतीवर चढून बसले. भेळेच्या गाड्या लागल्या. वनखात्याची माणसं होडी घेऊन आली, दिवसभर फिरली आणि म्हणाली, मगर नाही. लोक म्हणाले, हुशार आहे, लपली असेल.

भराव थांबला. आमच्या सभांना जागा पुरेना. सर झाडांवर बोलत आणि माणसं त्यांच्या खांद्यावरून पाण्याकडे बघत.

सरांना ते सोसवेना. "आपला पक्ष विज्ञान मानणारा आहे," ते म्हणाले.

"माना ना," जॉबर म्हणाले, "पण मेंबर वाढतत ते वाढू देत."

त्यावरून पक्ष फुटला. सत्यवाले खिडकीशी बसू लागले, मगरवाले मोरीपाशी. चहा दोघांनाही माझाच. पालिकेच्या निवडणुकीत सर उभे राहिले. बायका दारात कौतुकानं विचारत, "मगर बरी आहे ना?" आणि सर प्रत्येक दारात हात जोडून सांगत, "मगर नाहीच." अनामत रक्कमही गेली.

मग बिल्डरच्या माणसांनी चाळीचाळीतून अर्ज फिरवला. तलावात मगर असल्यामुळे मुलांच्या जिवाला धोका आहे, तरी तलाव ताबडतोब बुजवावा. बायकांनी भराभर सह्या केल्या. मावशींनीसुद्धा अंगठा दिला.

"अहो, तुम्हीच ना ती शेपटी पाहिलीत?" मी म्हटलं.

"पाहिली कुठली? पण इतके दिवस सांगून सांगून मलाच भ्या वाटायला लागलं गो."

पंप लागले. पाणी उतरेल तशी भिंतीवरची गर्दी वाढत गेली. तळाशी निघाले चिखल, नवसाचे नारळ, थोडी कासवं आणि तडफडणारे मासे. सरांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते कासवं उचलायला उतरले. जॉबरही चपला काढून त्यांच्यामागे गेले. एक घसरला की दुसरा दंड धरत होता. कासवं पिंपात घालून ते टॅक्सीनं दुसऱ्या तळ्यावर सोडून आले.

मावशींनी मासे पाटीत भरून माझ्याकडे आणले. गोड्या पाण्यातले, चिखलाचा वास मारणार, म्हणून नाक मुरडत त्यांनी कालवणात दुप्पट मसाला घातला. सत्यवाले आणि मगरवाले त्या दिवशी एकाच पंगतीला बसले. पुढे पक्षाची बैठक अशी कधी झालीच नाही. सर जन्माचे शाकाहारी. त्यांनी ताट जवळ ओढलं आणि एक तुकडा मोडला.

"सर," जॉबर हळूच म्हणाले, "काटे बघून खावा."