पायरीवरचा सरदार

गिरगावात, खोताच्या वाडीत माझ्या कॉलेजातल्या मित्राचं घर होतं. जुनं, लाकडी, पुढे ओटी आणि ओटीवरून गल्लीत उतरणाऱ्या पायऱ्या. कॅनडात राहणाऱ्या त्याच्या काकांनी एकदा त्याला एक खोका पाठवला. त्यात एक खेळ होता. पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. नियमांची जाड पुस्तकं होती आणि कधी न पाहिलेल्या आकारांचे फासे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. अडचण आली की आपला माणूस काय करेल ते तोंडाने सांगायचं. ते जमलं की नाही, हे फासा ठरवायचा.

गोष्ट सांगणाऱ्या त्या मित्राला आम्ही मास्तर म्हणत असू. खेळणारे तिघं. एक दादरचा, डॉक्टरचा मुलगा. एक वरळी कोळीवाड्यातली मुलगी, जिची आई बाजारात मासे विकायची. आणि मी, लालबागच्या चाळीतला. दर शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की आम्ही चालत गिरगावात जायचो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात मी मागच्या बाकावर बसे. कॅन्टीनमध्ये लोक कशावर हसतात ते मला उशिरा कळे, आणि कळेपर्यंत विषय बदललेला असे. ओळख म्हणावी अशी या तिघांशीच होती, आणि तीही या खेळामुळे. शनिवार हातचा जाऊ नये, एवढंच मला वाटत असे. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

पहिल्या दिवशी मास्तरने विचारलं, "तू कोण होणार? चांगला की वाईट?"

मला वाटलं, ही परीक्षा आहे. मी म्हटलं, "चांगला."

म्हणून मी व्रत घेतलेला एक सरदार झालो. खोटं बोलायचं नाही, शरण आलेल्याला मारायचं नाही, अशी त्याची व्रतं. त्याच्या बदल्यात त्याच्या हातात एक शक्ती होती. जखमेवर हात ठेवला की जखम भरून येई. मग दादरच्याने आपला माणूस सांगितला. चोर, आणि वेळ पडली तर दगाबाज. कोळीवाड्यातली म्हणाली, "मी सुपारी घेऊन माणसं मारणारी."

मी मास्तरला हळूच विचारलं, "असंही होता येतं?"

"येतं की. कुणी सांगितलं चांगलंच व्हायचं?"

"मग आता बदलू का?"

"नको, नको," दादरचा म्हणाला. "एक जण पाहिजे असा. आम्हाला लागलं तर हात कोण फिरवणार?"

त्या दिवसापासून ते मला बुवा म्हणू लागले.

अडचण एकच होती. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे असा सरदार जाणूनबुजून दुष्टांच्या संगतीत राहिला तर त्याची शक्ती जाते. मास्तरने हा नियम दोनदा वाचला आणि "जाणूनबुजून" या शब्दाखाली बोट ठेवलं. "म्हणजे माहीत नसेल तर चालतं," तो म्हणाला. मग आमच्यात एक रीत पडली. चोर आणि मारेकरीण काही काळंबेरं ठरवणार असले की मास्तर म्हणे, "बुवा, पायरीवर." मी उठून बाहेर जाऊन बसायचं. त्यांचं झालं की हाक यायची. आत गेलो की मला सांगत, व्यापारी वाटेत घोड्यावरून पडून वारला, त्याची थैली आपल्याला सापडली. मी म्हणायचो, "अरेरे."

पायरीवर मास्तरची आई असायची. तिला आम्ही आंटी म्हणायचो. परीक्षेनंतरच्या सुट्टीतही आम्ही जायचो, आणि तेव्हा तिचं मसाल्याचं काम चाले. वर्षभराचा मसाला भाजून, कुटून बाटल्यांत भरायचा. ओटीवर मिरच्यांची रास पसरलेली असे आणि ती एकेकीचा देठ खुडत बसलेली.

"परत काढला तुला बाहेर?"

"हो."

"काय करतात आत?"

"माहीत नाही, आंटी."

ती हसायची आणि मूठभर मिरच्या माझ्यापुढे सारायची. मी देठ खुडायचो. आत बोलावलं की त्याच हाताने चोराच्या जखमा बऱ्या करायचो, आणि विसरून डोळ्याला हात लागला की रडायचो. त्यावर कोळीवाड्यातली म्हणायची, "बघा, बुवाला किती दया येते."

खरी गोष्ट अशी की मला आतलं सगळं ऐकू येत असे. ओटी आणि खोलीच्या मध्ये फळ्यांची भिंत होती, आणि फळ्यांमध्ये फटी. व्यापारी कसा मेला ते मला शब्दन् शब्द माहीत असायचं. मला माहीत होतं, सरदाराला नव्हतं. हा फरक मी नीट पाळत होतो, आणि तो पाळणं मला जड गेलं नाही. का, ते थोडं सांगायला हवं.

गिरणीचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. बाबा साचेखात्यात मागावर होते आणि आमच्या चाळीतल्या संपाच्या कमिटीत होते. कुणी फुटून कामावर जाऊ नये म्हणून नाक्यावर लोक उभे राहत. बाबाही राहत. वर्ष उलटलं. माझा मामा आमच्याच मजल्यावर राहत होता. तो एका गिरणीत मागच्या दाराने कामावर जाऊ लागला. डबा नेला तर लोकांना कळेल, म्हणून तो भाकरी पिशवीत भाजीच्या खाली ठेवायचा. नाक्यावर इतरांच्या पिशव्या बघत. मामाची कुणी बघितली नाही. तो बाबांचा मेहुणा होता.

मामा दुपारी तांदूळ घेऊन आमच्याकडे यायचा. तो दारात दिसला की आई बाबांना म्हणायची, "अहो, वायच नळावर बघून येवा, पाणी इला काय."

आमच्या चाळीत पाणी पहाटे यायचं, आणि फक्त पहाटेच. बाबा बादली उचलत आणि गॅलरीच्या टोकाला मोरीकडे जात. तिथे उभे राहत. तांदूळ डब्यात ओतला जाई, मामा चहा पिऊन निघून जाई. मग बाबा रिकामी बादली घेऊन येत आणि म्हणत, "नाय इला." रात्री तोच भात आम्ही सगळे खायचो. बाबाही.

तेव्हा मला यात काही विचित्र वाटलं नव्हतं. घराची एक रीत, इतकंच. पायरीवर मी तसाच बसत होतो.

ज्या शनिवाराबद्दल लिहायला बसलो, त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही गोष्टीत एका मोठ्या नदीपाशी आलो होतो. मागे किल्लेदाराचे शिपाई लागलेले. एका म्हाताऱ्या नावाड्याने आम्हाला होडीत गोणपाटाखाली लपवून पलीकडे नेलं, जेवू घातलं. मास्तर त्याचा आवाज काढायचा, जरा खोकत. मला तो नावाडी आवडला होता.

त्या शनिवारी किल्लेदाराचा निरोप आला. ज्याने तुम्हाला नदी पार करून दिली, त्याला आणून द्या. तुम्हाला किल्ल्यातून वाट मोकळी. मास्तरने निरोप वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बुवा, पायरीवर."

आंटी मिरच्या उन्हातून सावलीत ओढत होती. मी दुसऱ्या बाजूने चादर धरली. आत दादरचा बोलत होता.

"म्हातारा आता होडी किनाऱ्याला लावणार नाही. घाबरलाय तो."

"माझ्या हाकेला तर नायच येणार," कोळीवाड्यातली म्हणाली. "माझं तोंड बघूनच पळंल."

"बुवाने हाक मारली तर?"

विचारणारा दादरचा होता.

"बुवाने मारली तर येईल," मास्तर म्हणाला. "बुवावर त्याचा विश्वास आहे."

"मग झालं. बुवाला सांगू, आभार मानायचेत म्हणून. त्याला कुठे काय माहीत."

मी चादर खाली ठेवली. आंटीने माझ्याकडे बघितलं. तिलाही ऐकू येत होतंच. मला तेव्हा मामाची भाजीची पिशवी आठवली. नाक्यावरून रोज जाणारी, कुणी न बघितलेली. बाबांना म्हणायला काही माहीत नव्हतं, आणि बाबांच्याच नावावर ती पार होत होती. हे मी आधी असं एकत्र धरून पाहिलं नव्हतं.

हाक आली. मी आत गेलो. कोळीवाड्यातलीने गोड आवाजात सांगितलं, "बुवा, त्या नावाड्याला जरा बोलावता का? काय नाय, आभार मानायचेत. गरिबाने जेवण दिलं आपल्याला."

मास्तर म्हणाला, "नदीच्या मधोमध होडी दिसतेय. बुवा, काय करतोस?"

आता मी एवढंच म्हणायचं होतं, की हाक मारतो. पुढचं जे होईल त्यात सरदाराचा दोष नसता, शक्ती शाबूत राहिली असती आणि पुढचा शनिवारही. मी फासा हातात घेतला आणि परत ठेवला.

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"कुणाला? तुला की सरदाराला?"

"दोघांना. भिंत लाकडाची आहे."

"भिंत पहिल्या दिवसापासून लाकडाचीच आहे रे," दादरचा म्हणाला. "आम्ही काय कुजबुजत होतो?"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मास्तरने पुस्तक ओढलं, पण उघडलं नाही. "तू माहीत आहे म्हणालास तर शक्ती जाते, बुवा. मागे घ्यायचं असेल तर आत्ता घे. मी ऐकलं नाही असं समजतो."

"नको," मी म्हटलं. "सरदार पाण्यात उतरतो आणि ओरडून सांगतो, होडी वळव, इकडे येऊ नको."

मास्तरने मला फासा टाकायला लावला. आवाज पोचतो की नाही ते बघायला. पोचला. नावाडी वळला. मग मास्तर मारेकरणीकडे वळला, कारण तिच्याकडे धनुष्य होतं. "तुझी पाळी. होडी टप्प्यात आहे."

ती फासा तळहातावर खेळवत राहिली.

"नाय मारत. लांब गेला तो."

"लांब नाही गेला. मी सांगतोय ना, टप्प्यात आहे."

"ओहोटी हाय. ओहोटीला होडी किती भरभर जाते ते तुला काय माहीत?"

"अगं, नदी आहे ती."

"मग खाडीजवळची असंल."

"पुस्तकात खाडी नाहीये."

"पुस्तक कॅनडाचं हाय," ती म्हणाली आणि फासा खोक्यात टाकून दिला.

मी पेन्सिल खिशात घातली आणि उठलो.

"कुठे चाललास?" मास्तरने विचारलं.

"हातात काही राहिलं नाही ना माझ्या. सरदार आता काय कामाचा?"

"आमच्या हातात तरी काय आहे?" दादरचा म्हणाला. "बस खाली. आता किल्ल्यातून वाट नाही, डोंगर चढायचाय. तुझ्यामुळे."

मी बसलो. पुढच्या शनिवारीही गेलो. डोंगरावर मारेकरणीला भाला लागला. तिने सवयीने माझ्यासमोर हात धरला. "बुवा, फिरव हात."

"चालत नाही आता."

"फिरवून तर बघ."

मी तिच्या तळव्यावर हात ठेवला. मास्तरने मान हलवली. मारेकरीण मेली. कोळीवाड्यातलीने तिच्या कागदाच्या चार घड्या करून तो खोक्यात ठेवला. मला वाटलं होतं त्याहून तिला जास्त लागलं. मग तिने कोरा कागद मागितला आणि नवा माणूस लिहायला घेतला. "या खेपेला पण वाईटच," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "पण पोहता येणारी."

त्यानंतर मला कुणी पायरीवर पाठवलं नाही. माझ्यासमोरच सगळं ठरे. मी विरोध करी, कधी ते ऐकत, बहुतेकदा नाही. वाद होत, मास्तर वैतागे, खेळ सावकाश पुढे सरके. आंटी एकदा दारातून डोकावून म्हणाली, "हल्ली बाहेर येत नाय. मिरच्या कोण साफ करणार?" निघताना मी थोड्या करून दिल्या.

बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. ते आता रे रोड स्टेशनजवळ लाकडाच्या वखारीत राखणीला जातात. संप कुणी मागे घेतल्याचं त्यांनी ऐकलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी तो चालूच आहे. मामाची नोकरी टिकली. तो अजून अधूनमधून दुपारी काहीतरी घेऊन येतो.

परवा तो आला तेव्हा मी घरात होतो. आईने म्हटलं, "अहो, वायच नळावर बघून येवा." बाबांनी बादली उचलली. मी म्हटलं, "बाबा, मी येऊ?" ते "चल" म्हणाले. आम्ही मोरीपाशी उभे राहिलो. खाली अंगणात कुणीतरी सायकल पुसत होतं. आमच्या खोलीतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिथपर्यंत तो स्पष्ट ऐकू येतो. मी बाबांकडे बघितलं. ते सायकलवाल्याकडे बघत होते.

"जाऊया?" थोड्या वेळाने मी विचारलं.

"थांब," बाबा म्हणाले. "त्याचा चहा होऊ दे."