तळाचं पाणी वर आलं तेव्हा

माझा मामेभाऊ लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गावी परतला. हे माझं आजोळ, जावळीच्या डोंगरात, कोयना धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. तिथं त्यानं पाण्यावर तरंगते पिंजरे टाकून चिलापी मासा पाळायला घेतला. मी तेव्हा सांगलीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. हिवाळ्यात सुट्टी काढून आजोळी जायचे, आणि जाताना पाण्यातला प्राणवायू मोजायचा मीटर पिशवीत घालून न्यायचे. वहिनी हसायची. "लोक येताना खाऊ आणत्यात, आमच्या वन्सं यंत्र घिऊन येत्यात."

मी वाढले माणमध्ये. तिथं विहिरीचा तळ दिसणं ही रोजचीच गोष्ट, त्यामुळं खोल पाणी म्हणजे माझ्या लेखी न सरणारी श्रीमंती. एवढं पाणी आतून आजारी पडू शकतं हे मी वर्गात शिकवत होते खरी, पण मनाला ते कधी पटलं नव्हतं.

शिकवायचे ते असं. उन्हानं वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसतं. वाऱ्यानं मिसळणारा प्राणवायू वरच राहतो. तळाशी जे पडतं, सडतं, ते खालचा प्राणवायू खाऊन टाकतं. मग थंडी पडते, वरचं पाणी गार होऊन खाली उतरतं, सगळं ढवळून निघतं आणि तळाला श्वास मिळतो.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. जानेवारी सरत आला तरी सकाळी स्वेटर लागत नव्हता. पिंजऱ्यांजवळ होडी उभी करून मी मीटरची तार खाली सोडत गेले. वर आकडा ठीक होता, मध्येच घसरला आणि खाली शून्याला टेकला. मला खरं वाटेना. म्हणून वजन बांधलेली बाटली तळाशी सोडली, दोरीला झटका देऊन बूच उघडलं आणि वर ओढली. भावानं ती नाकाशी धरून लगेच तोंड फिरवलं.

"आक्का, नासक्या अंड्याचा वास हाय गं ह्याला!"

"तळ गुदमरलाय," मी म्हटलं. "आता एकदम गार वारं सुटलं, तर हे सगळं एका दमात वर येईल. पिंजरे ओढ्याच्या तोंडाशी घे. तिथं पाणी वाहतं आहे."

"आत्ता हलवलं तर मासं बिचकून खायाचं सोडत्यात. आन् चिलापी हाय ती. गटारात टाकली तरी जगती."

तो खोटं बोलत नव्हता. चिलापी चिवटच. आणि वारं सुटेल की नाही, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

होडीच्या दुसऱ्या टोकाला खाद्य टाकत बसलेली वहिनी म्हणाली, "आवं, मासं खाली जाईनात. आधी जाळीच्या बुडापातुर बुडी मारायचं. मला वाटलं, खाद्यच बिघडलं."

भावानं वाकून जाळीच्या बुडाकडं बघितलं. मग म्हणाला, "निम्मं हलवू. निम्मं हितंच ऱ्हाऊ द्या."

पिंजरा जोरात ओढला तर मासे जाळीवर चेंगरतात. दोन होड्या बांधून सबंध दिवस आम्ही मुंगीच्या पावलानं ओढत होतो.

मी निघणार त्या सकाळी डोंगरावरून बोचरं वारं उतरलं. दार उघडलं तोच तो वास आला. मी दुसऱ्या होडीनं पिंजऱ्यांशी पोचले, तर पाणी काळपट झालं होतं. जागेवरच्या पिंजऱ्यांत मासे तोंडं वर काढून आ वासत होते, काही उलटे तरंगत होते. भाऊ होडीतून ओरडला, "सोड जाळी, आक्का! मोकळं तरी मरू देत!"

पाळलेला मासा धरणात सोडू नये, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेली बाई. पण त्या क्षणी हात आपोआप गाठीकडं गेले. जाळी खाली पडली. काही मासे सुळकन निघाले. बरेच तिथंच राहिले.

मेलेले मासे आम्ही खड्डा घेऊन चुन्यात पुरले. ओढ्याच्या तोंडाशी नेलेले बहुतेक वाचले. पण वाचलेल्यांचा आनंद करायला कुणाला जमेना. वहिनीनं कितीतरी दिवस घरात मासा रांधला नाही.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. "पाणी पोपटी झालंय गं. रंग कालवल्यावाणी."

मी समजावलं. प्राणवायू असतो तोवर गाळ आपल्यातलं खत धरून ठेवतो. प्राणवायू संपला की ते सोडून देतो. ते वर आलं की शेवाळ माजतं, मरून पुन्हा तळाशी जातं आणि तिथला श्वास पुन्हा खातं.

"म्हंजी चूक माजीच. खाद्य लय टाकलं."

"थोडी तुझी. पण थंडी हटत चाललीय, ती तुझी चूक नाही. खाद्य तेवढं तुझ्या हातात आहे."

त्यानं पिंजरे कमी केले, ते ओढ्याकडंच ठेवले, आणि तो खाद्य हात राखून टाकायला लागला. त्यानंतर एखादा हिवाळा बरा गेला, एखादा नाही. तळ कधी श्वास घेतो, कधी घेत नाही. पूर्वी थंडीचा भरवसा होता, आता तो उरलेला नाही, एवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

मागच्या खेपेला आम्ही तिघं होडीत बसलो होतो. भाऊ पाण्यात हात घालून म्हणाला, "आक्का, हितं खाली धरणात बुडालेली आपल्या आज्याची भाताची खाचरं हायत. आज्यानं शेणखत घालून घालून पोसलेली माती. तीच वर येती व्हय गं, हिरवी व्हून?"

थोडी तीही असेल, मी म्हटलं. वहिनीनं वल्हं उचललं आणि होडी काठाकडं वळवली.